शेवटापासून तपासणारा

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात तो टेस्टिंगला होता. मूळचा अमरावतीकडचा. पेपर मागच्या पानापासून वाचायचा, डब्यातलं गोड आधी संपवायचा आणि कोणतीही फिल्म तपासायला आली की थेट शेवटाला जायचा. बोलताना डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघायचा. मग माझीच जीभ अडखळायची.

आमचं काम सबटायटल्सचं. फिल्म सुरू झाल्यापासून किती वेळाने कोण बोलतं, त्यावरून आमचा प्रोग्रॅम टाइमकोड काढायचा. म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि कितवी फ्रेम. एका संध्याकाळी अमेरिकेला फिल्म पाठवायची होती. खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"सुरुवात बराबर हाये, भाऊ."

म्हणजे शेवट चुकला होता. प्रोग्रॅमने सेकंदाला पुऱ्या तीस फ्रेम धरल्या होत्या. तिकडच्या व्हिडिओत त्या किंचित कमी असतात. सुरुवातीला फरक कळत नाही, पुढे साचत जातो. त्याने शेवटचा प्रसंग लावला. म्हाताऱ्याचे ओठ हलले, मिटले, मान कलली. आणि मग त्याचं शेवटचं वाक्य पडद्यावर उमटलं.

बस निघून गेली. दुरुस्ती होईपर्यंत तो माझ्याजवळ बसून राहिला.

पुढे माझ्या लग्नाला आला. स्टेजवर चढला, आम्हा दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघितलं आणि माझा हात दाबून हळूच म्हणाला, "सुरुवात बराबर हाये, भाऊ."

तेव्हाच काढलेल्या फोटोत हसताना फक्त बायको दिसते.