पहिल्या नंबरचा जिल्हा

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. कुठल्या जिल्ह्यात वर्षभरात किती माणसं गेली, याचा तक्ता मांडणं हे तिचं काम. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. बाई मात्र चहात बिस्किट बुडवत मजेत रकाने तपासायची. त्यात वाईट काय? गेलेल्यांचा हिशेब नीट लागला तर राहिलेल्यांचं भलं होतं, एवढं साधं तिचं म्हणणं.

पण यंदा तिचाच तक्ता तिच्याच घरावर उलटला. दर हजार माणसांमागे मृत्यू कुठे जास्त, या यादीत तिच्या माहेरचा डोंगराळ जिल्हा पहिला आला. पेपरवाल्यांनी ‘मृत्यूचा जिल्हा’ असा ठळक मथळा ठोकला, आणि सकाळी सकाळी दादाचा फोन.

"वाचलंस? तात्यांना आता तिथे ठेवायचं नाही. रविवारी गाडी घेऊन जातोय. दुकानाला कुलूप, विषय संपला!"

"अरे, त्या आकड्याचा अर्थ तसा नाही..."

"तूच काढलायस ना तो? मग!"

घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ. तात्या म्हणजे त्यांचे वडील, शिंपी. आई गेल्यापासून एकटे; पण पायमशीनवर बसले की स्वारी खूश. त्यांना शहरातल्या सातव्या मजल्यावर नेऊन बसवणं म्हणजे जिवंतपणीच यादीत घालणं. रविवारी तीही दादाच्या गाडीत बसली.

रस्ताभर ती समजावत होती. "तरुण सगळे बाहेर पडले, मागे उरले म्हातारे. मग दर वाढणारच. एकेका वयाची माणसं वेगळी काढून ताडून बघ. सत्तरीतला माणूस शहरापेक्षा आपल्याकडे जास्त जगतो."

"तुझे आकडे तू म्हणशील तसे नाचतात," दादा म्हणाला. नवंकोरं कुलूप त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं.

दुकानात तात्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर, दोरा दातात. मग हसले.

"एवढं डोकं कशाला लावता? पूर्वी माझ्याकडे पोरं यायची. बघता बघता उंच व्हायची, मी पँटची दुमड सोडून द्यायचो. या टोणग्याला किती वेळा सोडून दिली! आता येतात ते सगळे माझ्या वयाचे. अंग आटलं, कंबर आत घेऊन द्या म्हणतात. पोरंच नाहीत, तर दुमड सोडायची कुणाची?"

"तेच म्हणतेय मी!" बाई ओरडलीच.

"म्हणजे तुम्ही दोघं निघून गेलात म्हणून आमचा जिल्हा बदनाम झाला," तात्या म्हणाले, "आणि वर मलाच हलवायला आलात? वा रे वा, चोराच्या उलट्या बोंबा!"

बाई हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. इतकी वर्षं ती त्या जिल्ह्याची माणसं मोजत होती. त्यातून वजा झालेल्यांत आपणही आहोत, हे कधी मनातच आलं नव्हतं. दादा कुलूप उगाच या हातातून त्या हातात करत होता.

"तुला कंबरेत काचतंय," तात्या एकदम दादाला म्हणाले. "बसल्यापासून बघतोय. काढ ती पँट."

"तात्या, निघायचंय आपल्याला..."

"काढ म्हणतो ना!"

पन्नाशीचा साहेब माणूस मुकाट्याने आत गेला आणि टॉवेल गुंडाळून बाहेर आला. तात्यांनी शिवण उसवली. आत बोटभर कापड शिल्लक होतं. मशीन सुरू झालं, आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की बाईला भरून आलं.

"किती वर्षांनी कुणीतरी सैल करायला आलं," तात्या म्हणाले.

दादाने कुलूप पिशवीत टाकलं.

"पुढच्या रविवारी दुसरी आणतो," तो म्हणाला. "तीही काचते."