मागचं पुसणारी लेन्स

बागेत दोन फोटोवाले भांडत होते आणि लग्न ठरलेली पोर उन्हात ताटकळत उभी होती. एक म्हणे, "पन्नास एमएमची लेन्स लाव, मागची माणसं येऊ देत." दुसरा म्हणे, "हॅट्, पंच्याऐंशीची लाव. मागचं सगळं पुसून जातं, नुसता चेहरा उठतो."

काय अक्कल! माणूस काय हवेत लोंबकळतं का?

माझी बायको गेली तेव्हा तेराव्याला ठेवायला तिचा एकटीचा फोटोच नव्हता. मग पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून असल्याच एका शहाण्यानं तिला कापून काढली आणि मागं निळं आभाळ चिकटवलं. चेहरा उठलाय झकास. पण ती हसत होती शेजारी बघून, आणि शेजारी मी होतो. आता ती फ्रेमच्या लाकडाकडं बघून हसते.