आडवी रेघ आणि खाली दोन ठिपके

नगरपालिकेच्या दारासमोर एक काळा दगड उभा आहे. लढाईवर गेलेल्या आणि परत न आलेल्या आमच्या गावच्या बारा जणांची नावं त्यावर कोरलेली आहेत. ती यादी माझ्या हातची. मी तेव्हा तिथं कारकून होतो. अक्षर बरं होतं, आणि आपल्या हातून काम चुकत नाही असा एक फाजील समजही होता. त्या यादीतलं सातवं नाव चुकीचं आहे. हे दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक गेल्या महिन्यात गेलं, दुसरा हे लिहायला बसलाय.

गेली ती लाँड्रीवाली मावशी. खरं तर ती कोणाचीच मावशी नव्हती, कारण तिला बहीणच नव्हती. पण डॉक्टरांपासून हमालापर्यंत सगळं गाव तिला मावशी म्हणायचं आणि तिच्या बोलण्याला टरकून असायचं. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान. पुढे फळी, मागे दोन टेबलं, त्यांवर जुन्या चादरींच्या घड्या, कोळशाच्या दोन इस्त्र्या आणि छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, अंगानं काडी, म्हणून त्याला बारक्या म्हणत.

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं प्रत्येक घराला एक खूण दिली होती, आणि ती कॉलरच्या आत काळ्या पक्क्या शाईनं काढलेली असे. डॉक्टरांना त्रिकोण, किराणावाल्याला फुली, मला अर्धगोल. "तुमची पाठ आत्तापासूनच वाकलीय, शोभेल तुम्हाला," हे वर ऐकवलं. शाळेच्या मास्तरांना आडवी रेघ आणि खाली दोन ठिपके. म्हणजे मास्तर, मास्तरीणबाई आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर. मुलगा झाल्यावर मास्तर थट्टेनं म्हणाले, "मावशी, आता तिसरा ठिपका काढ की." मावशी म्हणाली, "शाई एकदा बसली ती बसली. पोराला सांगा, छपराखाली दाटीवाटीनं बस."

स्वतःच्या घरच्या कपड्यांना मात्र ती खूण घालत नसे. "आपल्या घरात आपण हरवतो का?" असं तिचं म्हणणं.

लाँड्रीवाल्याच्या अंगावर गिऱ्हाइकाचा शर्ट, हा टोमणा या धंद्याला कायमचा चिकटलेला आहे. मावशीला तो फार झोंबायचा. या घरात आल्यापासून गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा कोणी खिशात घातला नाही, हे ती छातीठोकपणे सांगायची. आणि ते खरं होतं. एक दिवस सोडला तर.

तो दिवस चौतीस जण गावातून निघाले तो. त्यांत बारक्या होता आणि मास्तरांचा मुलगाही. दोघं एका वर्गात शिकलेले, आता एकाच तुकडीत पडलेले. तिथं गेल्यावर गणवेश मिळणारच होता, पण प्रत्येक आईला आपला मुलगा कडक इस्त्रीत निघायला हवा होता. आदल्या दिवशी चौतीस घरांचे गठ्ठे मावशीच्या फळीवर येऊन पडले. तिनं सगळ्यांचं केलं, आणि घरचं म्हणून बारक्याचं शेवटी ठेवलं. सकाळी त्याचा एकुलता एक पांढरा शर्ट टेबलावर घेतला तेव्हा इस्त्रीत नुकता कोळसा भरलेला, हात दमून गेलेला आणि बाहेर लष्कराच्या गाडीचा भोंगा वाजत होता. पाठीवर इस्त्रीचा अख्खा तळवा उमटला. तपकिरी, कडेला काळा.

मास्तरांकडून तीन शर्ट आले होते. दोन पोचते झाले होते. तिसऱ्याची बाही ओलसर राहिली म्हणून तो दोरीवर होता. मावशीनं तो ओढून काढला, त्यावर इस्त्री फिरवली, त्या घाईत बाहीला आतून नखाएवढा चटका बसला, तरी तसाच बारक्यापुढे धरला.

"आई, हा आपला नाही."

"गप घाल. सगळं गाव बघायला उभं आहे."

खांद्यात तो जरा सैल होता. मी निरोप द्यायला आलेल्या घोळक्यात होतो, आणि बारक्या कधी नव्हे तो रुबाबदार दिसला एवढं मला आठवतं. मास्तरांच्या घरात त्या दिवशी कपडे मोजायचं भान कोणाला असणार? उद्या जाऊन सांगू, नवा शिवून देऊ, असं मावशीनं ठरवलं. उद्याचं परवावर गेलं, परवाचं पुढच्या आठवड्यावर. हे सगळं मला सव्वीस वर्षांनी कळलं.

दीड वर्षानं माझ्या टेबलावर एक पार्सल आलं. सोबत पत्र होतं. तुमच्या गावचे दोघं ज्या छावणीत होते ती उद्ध्वस्त झाली आहे. दोघांपैकी एकाचा मृतदेह मिळाला, तो तिथेच पुरला आहे. दुसरा बेपत्ता. मृताच्या गळ्यातला बिल्ला मिळाला नाही, चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी स्थिती नव्हती. गणवेशाच्या आत त्यानं घरचा शर्ट घातला होता, तो पाठवत आहोत. ओळख पटवून कळवावं.

मी शर्ट उलटा केला आणि कॉलरच्या आत खूण दिसली. मला त्या क्षणी स्वतःच्या हुशारीचा आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं, असं मला वाटलं. मी मास्तरांना आणि मावशीला बोलावून घेतलं.

मास्तर खुर्चीत बसले. मावशी बस म्हटलं तरी बसली नाही. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले. मी दोघांना पत्र वाचून दाखवलं, मग शर्ट टेबलावर पसरून कॉलर तिच्याकडे केली.

"मावशी, ही खूण कोणाच्या घरची?"

तिनं बघितलं. मग बाही उलटून बघितली, मग पुन्हा कॉलरीकडे वळली. मला वाटलं, मास्तरांसमोर बोलायला तिची जीभ रेटत नाही. मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"मास्तरांच्या," ती म्हणाली.

मी लगेच लिहून टाकलं. खूण कोणाची हे मी विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर मला मिळालं. शर्ट कोणाच्या अंगावर होता, हे मी विचारलंच नाही. मास्तरांनी शर्टाची घडी घातली, चुकली, पुन्हा घातली आणि तो मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांना उठवून घरी न्यावं लागलं.

पुढे दगड बसवायचं ठरलं. नियम असा होता की मृत्यूची खात्री झालेल्यांचीच नावं घ्यायची, बेपत्ता माणसांची नाही. मास्तरांचा मुलगा सातवा आला. बारक्या कुठेच आला नाही. लोक मावशीची समजूत घालायचे की बेपत्ता म्हणजे आशा आहे, देव आहे. खुद्द मास्तरीणबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "तुझा तरी येईल गं." मावशीनं ते ऐकून घेतलं. मास्तर दोन वर्षं कसेबसे जगले आणि गेले. त्यांच्या मुलाची पुढे कधीही, कुठूनही बातमी आली नाही.

आणि तो शर्ट? तो मास्तरीणबाईंनी धुवायला पाठवला. दुसरीकडे कुठे पाठवणार? गावात लाँड्री एकच. निरोप होता, "डाग निघतील तेवढे काढ, पण खूण जाऊ देऊ नकोस." मग दरवर्षी दगडापाशी स्मरणाचा कार्यक्रम असे, त्याच्या आधी आठ दिवस शर्ट मावशीकडे यायचा. कार्यक्रमात मास्तरीणबाई तो छातीशी धरून उभ्या राहत. भाषणं चालत, मी यादी वाचत असे. मावशी मागे झाडाखाली उभी असे, कारण बेपत्ता माणसांच्या घरच्यांना पुढे खुर्च्या नसत. ती व्यवस्थाही माझीच.

चार महिन्यांपूर्वी मी माझे शर्ट आणायला दुकानात गेलो. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. मावशीला बोलताना धाप लागत होती. तिनं मला फळीच्या आत बोलावलं, स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. जळका शर्टही ट्रंकेतून काढून दाखवला. इस्त्रीचा तळवा अजून तसाच होता.

मला आधी रागच आला. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"लाज वाटली," ती म्हणाली. "हसाल तुम्ही. पोरगा मेलाय हे समोर दिसत होतं, आणि मला लाज कशाची वाटली, तर गिऱ्हाइकाचा शर्ट त्याच्या अंगात घातला त्याची. मास्तर तिथं बसलेले. कसं सांगू? म्हटलं, घरी जाऊन सांगू. घरी गेल्यावर भीती वाटली. मी बोलले असते तर माझा मेला असता. न बोलता तो नुसता बेपत्ता होता."

"पण तुला माहीत होतं."

"मला माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं ना."

कागद माझाच होता.

"मास्तरांचा पोरगा यावा म्हणून मी जेवढी वाट बघितली, तेवढी त्याच्या आईनंसुद्धा बघितली नसेल," ती म्हणाली. "त्यांनी कशाला बघावी? त्यांच्यासाठी तो मेलेला. रस्त्यात गाडी थांबली की मी इस्त्री ठेवून दारात. तो आला असता तर मी सुटले असते. गावानं थुंकलं असतं तोंडावर, चाललं असतं. मेला तोही आला नाही."

मग ती शर्टाबद्दल बोलली. दरवर्षी तो येतो, ती स्वतःच्या हातानं धुते, बाही उलटी करून बघते, नीळ देते, इस्त्री करते आणि परत पाठवते. पक्की शाईसुद्धा इतक्या धुण्यांत फिकी पडते. मास्तरीणबाई खूण जपायला सांगतात, म्हणून ती काडीनं पुन्हा गिरवते. आडवी रेघ, खाली दोन ठिपके. "माझ्याच पोराच्या शर्टावर, माझ्याच हातानं," असं म्हणून ती रडली. लाँड्रीवाली मावशी रडताना मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी म्हटलं, दगड बदलायला लावतो. नगरपालिकेत गेलो. आता तिथं नवा कारकून आहे, माझ्यासारखाच काम न चुकणारा. तो म्हणाला, पुरावा लागेल आणि ज्यांचं नाव निघणार त्या घरची संमती लागेल. त्या घरात आता एकट्या मास्तरीणबाई. मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. एकदा त्या अंगणात बसून नाव पुसायचा फडका धूत होत्या. त्या रोज सकाळी दगडावरचं सातवं नाव पुसून येतात. मी तसाच मागे फिरलो.

मावशीला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "दगडाचं कोणी सांगितलं होतं तुम्हाला? राहू दे त्यांना तो दगड. या वयात कुठे पोरगा पुन्हा हरवायला लावता? मला फक्त शर्ट पाहिजे. यंदा आला की मी परत देणार नाही. मी काही आता फार दिवसांची नाही. गेले की तो माझ्या उराशी ठेवा. मग काय ती माती. एवढं कराल?"

"करीन," मी म्हटलं.

"नक्की? तुम्ही कारकून माणूस."

"नक्की," मी म्हटलं.

शर्ट आला. तिनं धुतला, इस्त्री केली, आणि कार्यक्रमाला दोन दिवस असताना सकाळी ती गेली. शेजारच्या बायका आत तिची तयारी करत होत्या. मी दुकानात शिरलो. शर्ट वरच्या फळीवर वेगळा ठेवलेला होता, कागदात न बांधता. मी तो उघडला. परत द्यायचा नाही म्हणाली होती, तरी खूण ताजी गिरवलेली होती. हाताला सवय, दुसरं काय! मी शर्ट घेऊन आतल्या दाराकडे वळलो, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

मास्तरीणबाई फळीपाशी उभ्या होत्या. एवढं अंतर त्या एकट्या चालत आल्या होत्या आणि त्यांना दम लागला होता.

"गेली ना?" त्या म्हणाल्या. "चांगली होती हो. पोराची वाट बघत बघत गेली. मला निदान दगड तरी आहे." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "बरं झालं, सापडला. रात्रभर डोळा लागला नाही माझा. म्हटलं, या गडबडीत कुठे जातो की काय. परवा कार्यक्रम आहे."

आतल्या दारापर्यंत चार पावलं होती. त्या दारातून मावशीचे पाय दिसत होते. मी मनात वाक्य जुळवू लागलो. बाई, हा शर्ट तुमच्या मुलाच्या अंगावर कधी नव्हताच. पुढचं वाक्य काय? मग तुमचा कुठे आहे, असं त्या विचारणार, आणि ते जगात कोणालाच माहीत नाही. त्यांचा एक हात काठीवर होता. दुसरा हात त्यांनी पुढे केला.

मी शर्ट दिला.

त्यांनी चष्मा वर सारून कॉलर उलटी केली आणि बोटानं खूण चाचपली. बोटाला थोडी शाई लागली.

"आमचाच आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो, तुमचाच."