दाभणमावशींची भाडेकरू

दाभणमावशी हे नाव त्यांना इमारतीनेच दिलं. तीस वर्षं त्यांनी दफ्तरखान्यात जुन्या नोंदवह्या शिवल्या आणि हातातलं दाभण पुढे जिभेवरही आलं. निवृत्त झाल्यावर घरातली मागची खोली त्या परदेशातून अभ्यासाला येणाऱ्यांना देऊ लागल्या. अशा पाहुण्यांना दारोदार हिंडताना त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं.

या वर्षीची पोरगी पाच दारांवरून परत आलेली. एकीने विचारलं, नवरा कुठे आहे? दुसऱ्याने नुसतंच दार लावून घेतलं. मावशींनी एवढंच विचारलं, "ओल्या हाताने कागदाला हात लावतेस?" ती नाही म्हणाली. किल्ली मिळाली.

मग पोरीच्या इथल्या मुक्कामाच्या मुदतवाढीचा अर्ज आला. शुक्रवारपर्यंत त्यावर घरमालकाची आणि इमारतीच्या सेक्रेटरीची सही हवी, नाहीतर पोरीने अर्धं काम टाकून मायदेशी परतायचं. सेक्रेटरींनी ठरावावर बोट ठेवलं: घरात फक्त घरचेच राहतील.

"मावशी, नात्याच्या रकान्यात 'भाची' लिहा," ते हळूच म्हणाले. "मी डोळे मिटून सही करतो. सापही मरेल, काठीही मोडणार नाही."

मुलानेही फोनवर तेच सांगितलं. "आई, लिही की. तुझं काय जातंय?"

काय जातंय ते पोरीनेच चहा पिताना सांगितलं. जुन्या काळी कुणाच्या घरात कोण राहायचं, हाच तिचा अभ्यास. "तुमच्या दफ्तरखान्यातल्या एका नोंदवहीत एकाच घरात मला चौदा भाच्या सापडल्या, मावशी. तीन महिने त्यांचा वंशवृक्ष काढत बसले. शेवटी कळलं, घरमालकिणीला ना बहीण, ना भाऊ. सगळ्या भाडेकरू!"

पोरगी हसत होती. मावशींना मात्र मिरच्या झोंबल्या. ती वही त्यांनीच शिवली होती, दुहेरी दोऱ्याने, आणि त्या शिवणीचा त्यांना केवढा अभिमान होता. म्हणजे इतकी वर्षं त्या जिवापाड थापा सांभाळत होत्या! त्यांनी पेन उचललं आणि रकान्यात ठसठशीत लिहिलं: 'भाडेकरू. माझ्या मर्जीने.'

"मावशी, अहो, मला जावं लागेल," पोरगी घाबरून म्हणाली.

"तू गप्प बस. चहा पी."

शुक्रवारी सकाळी त्या सेक्रेटरींच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. त्यांनी कागद वाचला आणि परत सरकवला. "यावर मी सही करणार नाही."

"नका करू," मावशी म्हणाल्या. "तसं खाली लिहून द्या. नाव, कारण, तारीख. हे अर्ज शेवटी दफ्तरखान्यात जातात, साहेब. तिथे शिवणारी माणसं मी तयार केलीत, पान काही निसटायचं नाही. शंभर वर्षांनी कुणी वाचेल की पाच दारं हिंडून आलेल्या पोरीला सहाव्या दारातून तुम्ही बाहेर काढलंत. वाचू दे! मी खोटं लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका."

सेक्रेटरींनी पेन उघडलं. 'मी' लिहिलं. पुढे कारण काही सुचेना. खिडकीबाहेर बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा ठरावाची फाइल चाळली. मावशी हलल्या नाहीत. अखेर त्यांनी तो 'मी' खोडला आणि सहीच्या जागी सही करून कागद पुढे ढकलला.

मावशींनी सहीवर फुंकर मारली, कागद नीट बघितला आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली."