बिबा उतला आणि मी टपरीवर बसले

भद्रावतीहून चंद्रपूरकडे निघालं की रस्त्याला एक पेट्रोल पंप लागायचा आणि त्याच्या कडेला आमची बेकरीची टपरी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बसायला बाकडं नाही, चहा नाही, कारण पंपावर स्टो पेटवायची बंदी. काचेमागून पाव, खारी, टोस काढायचे, कागदात बांधून हातात द्यायचे, की गाडी चालली. पहाटे घरच्या भट्टीवर भाजायचे आणि मग दिवसभर टपरीवर बसायचे ते आमचे हे. मी घरात मैदा मळायची, ट्रे घासायची. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की मी हातातलं टाकून दारात जायची, आणि सासूबाई हाका मारत राहायच्या.

एका पावसाळ्यात सरपण पार भिजलं. ह्यांनी कुणाकडून तरी गाडीभर वाळकी लाकडं आणली आणि पहाटेच्या अंधारात न बघता भट्टीत सारली. उजाडलं तेव्हा ह्यांचं तोंड हे एवढं सुजलेलं, डोळे मिटलेले. सासूबाईंनी एक ओंडका उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला. बिब्याचं लाकूड! जन्म जंगलाच्या कडेला गेला आणि माणूस बिबा जाळतो; त्याच्या नुसत्या धुरानं अंगावर बिबा उततो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या धुरात भाजलेला सगळा घाणा उकिरड्यावर गेला. असलं तोंड काचेमागे दिसलं तर लोकांना वाटायचं देवी निघाल्या, माता आली, पावाला कोण हात लावेल, असं सासूबाई म्हणाल्या. भट्टी त्या सांभाळणार होत्या. मग टपरीवर कोण, तर मी.

काय सांगू, तिथं माझा जीव कसा मोकळा झाला! माजरीचे कोळशाचे ट्रक यायचे, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या स्कूटरी यायच्या. भामरागडकडे जाणारे जीपवाले टोस डब्यानं न्यायचे, कारण पुढं पूर आला की रस्ता बंद. कुठून आले, नदीला पाणी किती, घरी कोण असतं, सगळं मी विचारायची आणि तेही सांगायचे. ड्रायव्हर मला बाई म्हणू लागले.

पण मन थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी घरी गेले की आधी ह्यांचं तोंड बघायची. एक डोळा उघडला, मग दुसरा. मी रोज खोबरेल लावून द्यायची. दुखणं जावं असं अगदी मनापासून वाटायचं, पण सूज उतरली की आपण परत मैद्यात, हेही दिसत होतं. त्यात हे पडल्यापडल्या विचारायचे, आज कोण आलं होतं, माजरीवाल्यानं माझी चौकशी केली का. त्यांनाही ती टपरी माझ्याइतकीच प्यारी होती. मला रात्ररात्र झोप लागेना.

आणि एके सकाळी हे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, सायकलवर पंपावर हजर. चेहरा जवळजवळ पहिल्यासारखा.

"चाल, ऊठ," ते म्हणाले. "तू जाय आता घरी."

माझ्या हातात काच पुसायचं फडकं होतं. मी तशीच काच पुसत राहिले, उठले नाही.

"भट्टी तुमच्यासारखी कोणाले जमत नाई," मी म्हटलं. "इथचं मले जमून राह्यलं. मी नाई उठत."

लग्न झाल्यापासून त्यांना तोंडावर नाही म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, ह्यांना वळसा घालून काचेपाशी आला, पाव मागितले, पुढं रस्ता कसा आहे ते मलाच विचारलं. हे बाजूला सरकून उभे. आता चारचौघांत माझा पाणउतारा होणार, असं धरून मी पुड्याला दोरा गुंडाळत होते, आणि दोरा काही केल्या गाठीत येईना.

ट्रक गेला. ह्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि काचेसमोर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "एक खारी द्या."

मी दिली. त्यांनी ती उभ्यानंच खाल्ली, सायकलवर टांग मारली आणि भट्टीकडे निघून गेले.