दिव्याची पाठ

कराडात मंडईच्या अंगाला पीरमहंमदचं दुकान होतं. दुकान कसलं, फळ्यांचं खोकं! त्यात बसून तो फुटक्या भांड्यांना डाग द्यायचा, पोचे काढायचा आणि नव्या भांड्यांवर नावं घालायचा. हातात कसब होतं आणि तोंडात त्याहून जास्त. गिऱ्हाइकानं घागर पुढं ठेवून काही बोलायचा अवकाश, हा हात वर करायचा, "काम सांगू नका. भांडं ठिवा आन् जावा." आम्ही शेजारचे त्याला चिडवायचो, की रशीदाभाभीला तरी घरात तोंड उघडू देतोस का? तो हसायचा. काम चोख असल्यानं त्याचा ताठा आम्ही चालवून घ्यायचो.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात शालूबाई लुगड्यात काहीतरी गुंडाळून त्याच्याकडं आली. पलटणीतून हवालदार होऊन आलेल्या लालासाहेबांची ही विधवा. सारी पेठ तिला हवालदारीणबाई म्हणायची, त्यामुळं तिचं नाव पीरमहंमदला ठाऊक नव्हतं. लुगड्यात दाराबाहेर भिंतीला लावायचा पितळी दिवा होता. पाचगणीच्या कुठल्याशा साहेबाचा बंगला मोडला, तेव्हा लालासाहेबांनी तो रजेवर येताना आणलेला. सदुसष्टच्या भूकंपात घराची भिंत पडली आणि दिवा मातीत गेला. आता इतक्या वर्षांनी भिंत पुन्हा बांधायला ढिगारा उपसताना तो सापडला होता. टोपी चेपलेली, काचा फुटलेल्या, अंग काळंठिक्कर.

"हुता तसा करून द्या," ती म्हणाली. "आन् मागल्या बाजूला तेवढं..."

"मावशी, काम सांगू नका."

ती दिवा ठेवून गेली. मागल्या बाजूला काय होतं ते तिनं पुढं सांगितलं, मी आताच सांगून टाकतो. आमच्याकडं नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. लालासाहेबांनीही जन्मात कधी मारली नाही. पण पलटणीत अक्षरं शिकून आल्यावर, दिवा भिंतीला लावायच्या आधी, त्यांनी त्याच्या पाठीवर खिळ्यानं वेडंवाकडं 'शालू' असं कोरलं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं, तोंडानं तेव्हाही उच्चारलं नाही. मग ती बाजू भिंतीला लागली.

पीरमहंमदनं दिव्यावर जीव ओतला हे खरं. टोपीचे पोचे लाकडी हातोडीनं काढले, सांधे जोडले, नव्या काचा बसवल्या, बल्बासाठी आत जागा केली. चिंच लावून पितळ असं उजळलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. मग त्यानं दिवा उलटा केला. पाठीवर कुणीतरी खरडलेलं दिसलं. मोडीत आलेल्या भांड्यावरचं जुन्या मालकाचं नाव आधी घालवायचं, ही त्याच्या धंद्याची रीत. दुसऱ्याच्या नावाचं भांडं कुणी घरात ठेवत नाही. दिवा साहेबाच्या बंगल्यातला, म्हणजे नावही तिकडच्याच कुणाचं, असं त्यानं धरलं. नीट वाचलंही नाही. कानस फिरवली, काचकागद मारला आणि पाठ गुळगुळीत केली.

शालूबाई आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो. तिनं टोपी पाहिली नाही, काचा पाहिल्या नाहीत. दिवा पालथा केला आणि बोट फिरवत राहिली.

"हितं नाव हुतं," ती म्हणाली.

"काडलं की, मावशी! जुनं कुणाचं तरी..."

"माझं हुतं. ह्यांनी घातल्यालं."

मग तिनं सगळं सांगितलं. पीरमहंमदचा चेहरा उतरला. त्यानं नाव घालायची छिन्नी उचलली आणि खालमानेनं म्हणाला, "मी घालून देतो. लय बारीक, सुबक घालतो."

"नगं," शालूबाई म्हणाली. "सुबक न्हवतं ते."

तो छिन्नी हातात धरून तसाच बसला. मला त्याच्याकडं बघवेना. चुकीबद्दल कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण बाईनं आवाजसुद्धा चढवला नाही. उलट दिवा लुगड्यात गुंडाळताना म्हणाली, "तुमाला तरी काय म्हाईत. मीच बोलाय पायजे हुतं." हे त्याला फार लागलं.

दिवा लावायला तो स्वतः गेला. शिडी मी धरली होती. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. काय झळकतोय, नवासुद्धा असा नसंल, असं चाललं होतं. शालूबाई त्यांच्यात उभी होती. खरं काय ते सांगितलं असतं तर पीरमहंमदच्या दुकानाकडं कुणी फिरकलं नसतं.

"हुता तसा करून दिला बगा ह्यांनी," ती म्हणाली.

पीरमहंमद शिडीवर होता, तोंड भिंतीकडं. स्क्रू आवळून झाले होते, दिव्याची पाठ भिंतीला टेकली होती. मी दोनदा हाक मारली तरी तो खाली उतरला नाही.