गळत नव्हतं, अडत होतं

गव्हाणहून फोन आला तेव्हा मी करंजाडेच्या खोलीवर भाकरी थापत होतो. पदूदादांचा मुलगा बोलत होता. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत... एवढंच सांगून त्यानं फोन दुसऱ्या कुणाकडे दिला. मी गॅस बंद केला आणि खाली बसलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्याच पोटाचा, आता आपलं कसं व्हायचं? स्वभावच तसा आहे माझा, काळजी आधी आणि रडू नंतर. दादा असते तर म्हणाले असते, "मेलो मी, आनि घाम तुला फुटला?"

त्यांचं खरं नाव पद्माकर, पण ते आधार कार्डापुरतं. उभी हयात त्यांनी होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली. उतारवयात खाडीकडेच्या एका एअरसॉफ्टच्या मैदानावर बंदुका सांभाळायला आले. एअरसॉफ्ट हा खेळ आहे. तोंडाला जाळी बांधायची, आडोशाला लपायचं आणि बॅटरीच्या बंदुकीनं एकमेकांवर प्लॅस्टिकचे छर्रे मारायचे. बंदूक दिसते सैनिकाची, पण पोटात सगळा हवेचा कारभार. चाकं फिरतात, पिस्टन मागे ओढला जातो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि त्या हवेवर छर्रा सुटतो. हे सगळं ज्या डबीत बसतं तिला गिअरबॉक्स म्हणतात. मला हे दादांनी शिकवलं. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सुटलेला. बायको आणि दोन मुली गावी. मैदानावर यायच्या आधी रोडपालीला एका गोदामावर रखवालदार होतो. दादांनी माझं नाव कधी घेतलंच नाही, पहिल्या दिवसापासून मी त्यांचा "हिंगोली".

पावसाळ्यात मैदान बंद असतं. मी गणपतीनंतर कामाला लागलो आणि दसऱ्याला मैदान उघडायच्या आधी सगळ्या बंदुकांच्या जुन्या स्प्रिंगा काढून नव्या बसवायचं काम माझ्याकडे आलं. दादांनी एकदा दाखवलं, मग बाकीच्या मी बसवल्या. खूश होतो. घरी फोन करून सांगितलं की, आता मी मेकॅनिक आहे. आणि मैदान उघडलं तसं एकेक बंदूक मान टाकायला लागली. छर्रे निम्म्या वाटेतच मातीत. वेग मोजायच्या यंत्रावर आकडा वर चढेना. मुंबईहून आलेल्या एका ऑफिसच्या पोरांनी तर छर्रे हातानं फेकून दाखवले, म्हणे हे लांब जातात. शेट, म्हणजे आमचे मालक, गिऱ्हाइकासमोर हसले, पण नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, नव्या स्प्रिंगा कुठे विकल्या? मी शपथा घातल्या. ते म्हणाले, शनिवारपर्यंत बंदुका सुधारल्या तर ठीक, नाहीतर आपली वाट धर. बरोबरच होतं त्यांचं. स्प्रिंगांना हात लावलेला माणूस मीच, आणि मैदानावर नवाही मीच.

दादांनी माझी बाजू घेतली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं त्यांनी मला पाठीशी घातलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "काय काय केलास ता पयल्यापासून सांग. रडू नको, सांग." मग दोघं शोधायला बसलो. बॅटऱ्या चार्ज करून पाहिल्या, तेच. नळ्या साफ केल्या, तेच. एका बंदुकीत जास्त ताकदीची स्प्रिंग घातली, तर वेग जेमतेम वाढला आणि एका चाकाचा दात मात्र तुटला. दादा म्हणाले, आता जोर लावायचा नाय, हवा कुठं जाते ती बघायची. पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याच्या तोंडावर त्यांनी बोट दाबलं आणि मागून पिस्टन ढकलला. हवा गळत असती तर पिस्टन सरळ आत गेला असता. पण तो जागच्या जागी थांबला, भिंतीला टेकल्यासारखा. दुसऱ्या बंदुकीत तेच, तिसऱ्या बंदुकीत तेच. हवा कुठेच गळत नव्हती. म्हणजे राहिली फक्त स्प्रिंग... म्हणजे मी. खोलीवर जाऊन बॅग भरायचं मनात आलं.

कोपऱ्यात एक बंदूक धूळ खात पडली होती. सुट्या भागासाठी थांबलेली, म्हणून पावसाळ्याआधी कुणी हात न लावलेली. दादांनी तिचा पिस्टन नळकांड्यासकट काढला. या वेळी तोंडावर बोट न ठेवता नुसता ढकलला, तर लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. मग बिघडलेल्या एका बंदुकीचा तसाच ढकलला. तो अडखळत, रडत गेला. दोन्ही पिस्टनवरच्या रबरी रिंगा काढून त्यांनी तळहातावर ठेवल्या. एक होती तशीच होती, दुसरी भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगलेली. दादांनी ती नाकाशी नेली, वास घेतला आणि मूठ मिटली.

खाऱ्या हवेत ज्याला ग्रीस नाही ते गंजलं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. पावसाळ्यासाठी मैदान बंद करताना त्यांनी चालू बंदुकांच्या सगळ्या गिअरबॉक्समध्ये होडीच्या इंजिनाचं ग्रीस मायेनं थापलं होतं. त्या ग्रीसनं ही नाजूक रबरं फुगतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांना गुपचूप रिंगा बदलता आल्या असत्या. कुणाला कळलं असतं? रबर कशानं फुगलं, हे मलाही कळलं नसतं. पण ते तसेच उठले आणि चहाच्या टपरीवर गेले. तिथे शेट चार लोकांत बसले होते. दादांनी फुगलेली रिंग धरलेला हात पुढे केला. "शेट, ग्रीस मी लावला. बोटीचा. या पोराच्या हातान कायपन बिघडला नाय." पोर कसला, पस्तिशीचा आहे मी. शेट म्हणाले, "दादा, बंदुका काय मासेमारीला पाठवायच्या होत्या?" सगळे हसले. दादा हसले नाहीत. शेटनी माझ्याकडे बघून मान हलवेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

नंतर मी विचारलं, चारचौघांत कशाला बोललात? त्यांनी जेवणाचा डबा उघडत म्हटलं, "मंग काय, तुला हाकलून मी जेवनार व्हतो?"

त्या दिवसापासून दादांनी एक शिस्त लावली. कुठलाही गिअरबॉक्स बंद करायच्या आधी पिस्टन दुसऱ्याच्या हातानं ढकलून बघायचा. त्यांनी जोडलेला मी बघायचा, मी जोडलेला त्यांनी. एवढी वर्षं काम केलेला माणूस माझ्यासमोर डबी धरून उभा राहायचा आणि मी "हां" म्हणेपर्यंत स्क्रू उचलायचा नाही.

दादांचं तेरावं झाल्यावर शेटनी विचारलं, मुंबईहून कारागीर आणू का? मी म्हणालो, नको, मला येतं. एवढं ठाम मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आणि येतंही. चाकं, मोटर, रिंगा, सगळं येतं. परवा एका बंदुकीचा वेग पडला होता. कारण शोधलं, दुरुस्त केली, पिस्टन ढकलून पाहिला, छान होता. स्क्रू मात्र लावता येईना. तेवढ्यात शेट हिशेबाचं काहीतरी विचारायला डोकावले. पांढरा शर्ट, ग्रीसला जन्मात हात न लावलेला माणूस. मी नळकांडं त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, जरा ढकला.

ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"

"अडतंय का, तेवढं सांगा."

त्यांनी बाही दुमडली. एकदा ढकललं, मग थांबून पुन्हा सावकाश ढकललं.

"नाही अडत," ते म्हणाले.

मी स्क्रू उचलला.